आईसाठी केलेला उतार

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट बोलून दाखवली होती, असं मी समजत होते. वडील गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती धारहून माझ्याकडे देवासला राहायला आली होती. दुपारी आम्ही पंख्याखाली पडलो होतो. टीव्हीवर कुठल्यातरी मोठ्या तलावाचं चित्र लागलं होतं. ते बघत ती म्हणाली, "अंथरुणात डोळे उघडले की समोर पाणीच पाणी, असं एकदा राहायला हवं बाई." आणि कूस बदलून झोपली.

मी मात्र ते वाक्य विसरले नाही.

आमचं माहेर धारचं. पवारांच्या दरबाराबरोबर जी मराठी माणसं माळव्यात आली, त्यांतलं एक घर. पूर्वज दरबारचे तंबू शिवायचे, वडिलांनी शिलाईचं दुकान चालवलं. दादा पीथमपूरच्या एका कारखान्यात लागला, वहिनी शाळेत शिकवते. मी लग्न होऊन देवासला आले. माझ्या सासऱ्यांनी सोलापूर सोडलं ते इथल्या कारखान्यातल्या नोकरीसाठी. त्यामुळे देवासच्या आमच्या घरात मराठी वेगळी आणि धारच्या घरात वेगळी. आई अजून "न्हाणी" म्हणते, आणि वहिनी मला "वन्सं" म्हणते.

या वहिनीशी माझं बरं नव्हतं. तिनं मला कधी काही केलं म्हणून नव्हे. आईला करते म्हणून. रोज दुपारी मी आईला फोन करायची आणि रोज काहीतरी कानावर यायचं. आज चहा पांचट दिला. आज टीव्ही मध्येच बंद केला. आज शाळेतून आली ती एक शब्द न बोलता वर गेली. सासरी पुतण्याच्या मुंजीत तर मी चारचौघांत वहिनीला सुनावलं होतं, "म्हाताऱ्या माणसाला दोन गोड शब्द लागतात, ते तरी द्या." तिनं मान खाली घातली. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुला पूर्ण माहीत नाही, तू मध्ये पडू नकोस." त्या दिवसापासून दादाशी माझं बोलणं कामापुरतं राहिलं. धारला जायचं तेसुद्धा वहिनी शाळेत असेल अशा वेळी, आणि ती यायच्या आत परतायचं.

तलावाचं मनावर घेतलं ते गेल्या वर्षी. देवास जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, लोहारद्याच्याही पुढे, नर्मदेच्या धरणाचं पाणी पसरलंय. त्या काठावर कोणी लाकडी खोल्या बांधल्यात, असं माझ्या नवऱ्याला कारखान्यात कळलं. लोखंडी पायांवर उभ्या केलेल्या छोट्या छोट्या केबिन, पुढे ओटा, आणि ओट्याच्या पुढे पाणी. त्यानं फोटो आणून दाखवले तेव्हा मी त्यातली शेवटची केबिन पाहिली. तिची खिडकी खाटेच्या बरोबर समोर होती. मी म्हटलं, "हीच."

मग माझी तयारी सुरू झाली. मी तिथल्या व्यवस्थापकाला इतके फोन केले की माझा आवाज ऐकताच तो म्हणायचा, "बोलिए दीदी, माताजी के लिए अब क्या चाहिए?" कमोड आहे का. रात्री उठावं लागलं तर दिवा हाताशी आहे का. जेवणात लसूण नको, आई चातुर्मास संपला तरी लसूण खात नाही. सगळ्यांत मोठी अडचण पायऱ्यांची होती. केबिनला चढायला चार पायऱ्या, त्याही उंच, आणि आईचे गुडघे गेलेले. शेवटी मीच सुचवलं की पायऱ्यांच्या बाजूनं फळ्यांचा उतार करा, धरायला कठडा लावा. आधी तो नाही म्हणाला. मी पिच्छा सोडला नाही. तेव्हा म्हणाला, "करवा देंगे, दीदी. और भी बुज़ुर्ग आते हैं, काम आएगा."

मी प्रत्येक गोष्ट आईला सांगत होते. तिच्या फोनवर फोटो पाठवत होते, केबिनचे, पाण्याचे, पाण्यातून वर आलेल्या जुन्या झाडांच्या बुडख्यांचे. ती म्हणायची, "छान आहे गं." पण दिवस ठरवायची वेळ आली की काहीतरी निघायचं. आधी गुडघे. मग श्रावण. मग पितृपंधरवडा. एकदा म्हणाली, "धारला काय तलावांची कमी आहे? मुंज तलाव इथे दाराशी आहे, तो बघते की." मी चिडले तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या मनात फार आहे. पण हिला विचारावं लागतं. ही सोडायची नाही."

ही म्हणजे वहिनी.

मी त्याच संध्याकाळी वहिनीला फोन केला. म्हटलं, "आईला दोन दिवस मोकळा श्वास घेऊ द्या. मी नेते, मी आणते, तुम्हाला काही करायचं नाही."

 वहिनी म्हणाली, "वन्सं, मी कुठे अडवलंय?"

"मग आई का घाबरते?"

"ते आईंनाच विचारा," ती म्हणाली. मला ते उद्धट वाटलं.

दिवाळी झाली. कार्तिकात एकदा आईनं आपणहून फोन केला. तिचा फोन बिघडलाय, दादा दुरुस्तीला टाकणार आहे, तेव्हा दोन-तीन दिवस लागणार नाही. आणि मी धारला यायची घाई करू नये, कारण वहिनीच्या माहेरची माणसं यायची आहेत. ते दोन-तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घरभर वहिनीची माणसं आणि आई कोपऱ्यातल्या खाटेवर एकटी, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा मी पहिलं विचारलं, "जेवायला नीट दिलं का तुला?"

"दिलं," आई म्हणाली. "त्यातल्या त्यात."

मार्गशीर्षात मी ठरवलं की आता आईला विचारत बसायचं नाही. आधी स्वतः जाऊन जागा बघून यायची, केबिन पक्की करायची, आणि मग गाडी घेऊन धारला दारात उभं राहायचं. एका रविवारी आम्ही दोघं सकाळीच निघालो. चापडा, बागली करत विंध्याचा उतार उतरलो. हवेत थंडी होती. शेतात गहू हातभर आला होता. लोहारद्याला चहा घेतला. पुढचा रस्ता अरुंद होता, सागाच्या झाडीतून जाणारा, आणि मग एका वळणावर एकदम पाणी दिसलं. समोरचा काठ दिसतच नव्हता. मी नवऱ्याला म्हटलं, "आई वेडी होईल हे बघून."

शेवटच्या केबिनपाशी गेले तर उतार तयार होता! चांगला रुंद, फळ्यांवर काथ्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, पाय घसरू नये म्हणून. बाजूला बांबूचा कठडा. आईच्या हाताला येईल अशाच उंचीवर. मला इतका आनंद झाला की मी त्यावरून दोनदा वर-खाली केलं. मग नवऱ्याला लावलं, "तुम्ही म्हाताऱ्यासारखे चाला बघू, कठडा धरून." तो हसत हसत चालला.

एवढ्यात तिथं स्वयंपाक करणारी बाई चहा घेऊन आली. नाकात चमकी, डोक्यावर लुगड्याचा पदर. मी म्हटलं, उतार फार छान केलात.

"अच्छी बनी ना?" ती म्हणाली. "माजी को भी खूब जमी. लकड़ी टेकती-टेकती ऐसे चढ़ गईं."

"कौन माजी?"

"वो धारवाली. आपने ही तो फोन पे बोला था, घुटनों का." ती माझ्याकडे बघत होती, आणि मला काही कळत नाहीये हे तिला कळत नव्हतं. "दिवाली के बाद आई थीं. बहू थी साथ में. आपके जैसी ही बोली बोलती थीं दोनों."

मी ओट्यावर बसले. नवरा पाण्याकडे गेला होता. बाईला वाटलं मला ऐकण्यात गोडी आहे, म्हणून तिनं सगळं सांगितलं. माजी आणि सूनबाई पहाटे उठून पाण्यात पाय सोडून बसायच्या. सूनबाई घाबरायची, माजी नाही. नावेत बसायचा हट्ट माजींचाच. सूनबाई नावेत डोळे मिटून बसली आणि माजी तिला चिडवत होत्या. एक दिवस माजींनी चूल अडवली आणि थालीपीठं लावली, सगळ्यांना खाऊ घातली. "इतना हँसती थीं दोनों. मैं तो मेरी सास को बोली, देखो, ऐसी होती है सास."

मी विचारलं, "और कौन था?"

"छोड़ने बेटा आया था. लेने भी वो ही."

म्हणजे दादासुद्धा.

तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता की धारमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत, गुडघे दुखणाऱ्या आयाही पुष्कळ. मग बाई आत गेली आणि एक स्टीलचा डबा घेऊन आली. माजी विसरून गेल्या होत्या. आमचं धारला जाणं झालं तर पोचवू का, असं तिनं विचारलं. रिकामा कसा द्यायचा म्हणून तिनं त्यात चिंच भरून ठेवली होती. मी डबा फिरवून बघितला. कडेला माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं.

नवरा परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो आधी हसला. "म्हणजे आई येऊन गेल्या? मग चांगलंच झालं की. त्यांना जागा आवडली."

"गाडी काढा," मी म्हटलं.

"अगं, आणि केबिनचं?"

"गाडी काढा."

परतीच्या वाटेवर त्यानं लोहारद्यालाही गाडी थांबवली नाही. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. नावेत बसलेली आई माझ्या डोळ्यांपुढे येत होती. आईला रिक्षात चक्कर येते. माझ्या गाडीत ती खिडकीची काच खाली करून पदर नाकाला लावून बसते. देवासची देवीची टेकडीसुद्धा तिला मी खालूनच दाखवते.

मी आईला त्या दिवशी फोन केला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे वहिनीच्या शाळेला सुट्टी होती तो दिवस बघून मी बसनं निघाले, इंदूरला बस बदलली आणि दुपारी धारला उतरले. न कळवता.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात आई पाटावर आणि वहिनी खाली फरशीवर, मध्ये गराडूंचा ढीग. थंडीत माळव्यातल्या घराघरांत तळतात ते कंद. सोलताना हात खाजतात म्हणून दोघींनी हाताला तेल चोपडलं होतं. आई काहीतरी सांगत होती आणि वहिनी कोपरानं डोळे पुसत हसत होती. मी कधीच वहिनीला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर आईलाही नव्हतं पाहिलं.

मला बघून आईचा चेहरा लगेच बदलला. गाल ओघळले, आवाज बारीक झाला. "अगं बाई, तू? ये. बघ ना, मलाच सोलायला बसवलंय."

ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. एका क्षणात. मी पिशवीतून डबा काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"तलावावर राहिला होता," मी म्हटलं.

"कुठला तलाव?"

"आई."

वहिनी उठू लागली. आई तिला म्हणाली, "बस तू. तू कुठे निघालीस?" त्या सुरात आई मला बोलायची, मी शाळेत होते तेव्हा. वहिनी पुन्हा बसली. आईनं तेलाचे हात फडक्याला पुसले, डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं. "चिंच दिली का तिनं. गुणाची बाई आहे."

मी म्हटलं, "मी वर्षभर तयारी करत होते. उतार मी करून घेतला. खोली मी निवडली. तू मला सांगितलंस की ही सोडत नाही."

"हो, सांगितलं."

"का?"

ती बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्याबरोबर आले असते तर तू मला त्या खाटेवर बसवून ठेवलं असतंस. शाल गुंडाळून. पाण्याजवळ जाऊ नको, गार बाधेल. नाव नको, चक्कर येईल. मला नावेत बसायचं होतं."

"मला सांगायचं होतंस तसं. मी नाही म्हटलं असतं का?"

"म्हटलं असतंस," आई म्हणाली.

"बरं. आणि चहा? टीव्ही? ती बोलत नाही, वर निघून जाते, हे सगळं?"

आता आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "तू रोज फोन करतेस. जेवलीस का, गोळी घेतलीस का, झालं, मग तुझ्याकडे बोलायला काही नसतं. ठेवतेस. एकदा सहज म्हटलं की आज चहा पांचट झाला. तर तू अर्धा तास बोललीस. मग दुसऱ्या दिवशी तूच विचारलंस, आज काय केलं तिनं?"

"म्हणून तू रोज काहीतरी बनवून सांगत राहिलीस?"

"अगदी बनवून नाही. कधी कधी चहा पांचट असायचाही."

मी वहिनीकडे वळले. तिची मान त्या मुंजीतल्यासारखीच खाली होती. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यांदा नव्हतं," वहिनी म्हणाली. "मुंजीत तुम्ही बोललात तेव्हा मी रात्रभर रडले. मग आईंनीच सांगितलं. म्हणाल्या, तिच्यापुढं तेवढं बोलावं लागतं, तिला त्यानं बरं वाटतं. मनावर घेऊ नकोस. नंतर मग आईच फोन ठेवला की सांगायच्या, आज तुझ्याविषयी असं असं म्हटलंय."

"आणि तुम्ही हसायच्यात?"

 आई म्हणाली, "हसायचो कधी कधी. त्यात तुला हसण्यासारखं काही नव्हतं. मलाच हसायचो."

त्या एका वाक्यानं मला जे झालं ते तलावाच्या काठी झालं नव्हतं. तिथं मला वाटलं होतं की आईनं एक सहल माझ्यावाचून केली. इथं कळलं की माझी रोजची दुपार, माझी काळजी, वहिनीवरचा माझा राग, दादाशी तुटलेलं बोलणं, हे सगळं या स्वयंपाकघरात रोज पाटावर बसून दोघींनी वाटून घेतलं होतं. मी त्यांच्या घरातली एक गंमत होते.

"मी दादाशी वर्षानुवर्षं धड बोलले नाही," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."

"मी भांड म्हटलं नव्हतं," आई म्हणाली. आणि मग, "तू कशी आलीस? बसनं? काही खाल्लंस का?"

मी उठले. वहिनी माझ्यामागे दारापर्यंत आली. "वन्सं, जेवून जा. गरम गराडू तळते." मी चपला घातल्या. म्हटलं, "एकदा तरी सांगायचं होतंत मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?" ती हळू आवाजात म्हणाली. त्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं.

फाटकात दादा भेटला, हातात कोथिंबिरीची जुडी. मला बघून खुश झाला, "अरे, कधी आलीस?" मग माझा चेहरा बघितला आणि त्याची नजर जुडीकडे गेली. मी विचारलं, "सोडायला तू गेला होतास ना?" तो म्हणाला, "आईनं शपथ घातली होती गं." मी पुढे चालू लागले. बसस्थानकापर्यंत तो माझ्या दोन पावलं मागं चालत आला. इंदूरची बस सुटेपर्यंत खाली उभा होता. खिडकीतून त्यानं जुडी माझ्या हातात दिली, स्वयंपाकघरात न्यायची ती. मी ती घेतली.

त्यानंतर मी फोन करणं बंद केलं. आईनंही केला नाही. दुपारची ती वेळ आली की मला काय करावं कळायचं नाही. कपडे इस्त्री करायची, कपाट आवरायची. तलावावरच्या व्यवस्थापकाचा एकदा फोन आला, "दीदी, माताजी दोबारा कब आ रही हैं?" मी म्हटलं, चुकीचा नंबर लागला. संक्रांतीला धारहून तिळगूळ आला, कोणाच्या तरी हाती. वळलेले लाडू बघून हात कोणाचा ते कळलं नाही. दोघींचे लाडू आता सारखेच होत असतील. नवऱ्यानं दोन खाल्ले. मी नाही खाल्ला.

फाल्गुनात एका दुपारी आईचा फोन आला. जणू मध्ये काही झालंच नव्हतं, अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंस का, ही मला टाकून पीपलरावांला माहेरी निघून गेली. तुझा दादा ड्यूटीवर. सकाळपासून मी उपाशी आहे."

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय?"

"ऐकलं."

ती थोडा वेळ वाट बघत राहिली.  मग तिनं फोन ठेवला.

मी आणखी एक सदरा इस्त्री केला आणि इस्त्री बंद केली. शेवटी दादाला फोन लावला, कितीतरी दिवसांनी, आपणहून. तो यंत्रांच्या आवाजातून ओरडून बोलत होता. वहिनी खरंच पीपलरावांला गेली होती, तिच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं. एवढं खरं होतं. पण ती पहाटे उठून पोळ्या आणि भाजी करून गेली होती, शेजारच्या काकूंना वाढायला सांगून. काकू येऊन वाढून गेल्याही होत्या.

"का गं, काय म्हणाली आई?" दादानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "वहिनींचे वडील कसे आहेत?"

तो बहुधा यंत्रापासून लांब गेला, कारण आवाज एकदम स्वच्छ झाला. आणि मग तो मला सविस्तर सांगू लागला.